कुशीतली कळ आणि खाटेशेजारची सोनोग्राफी

रात्रीच्या कॅज्युअल्टीत मुतखड्याच्या कळेने आलेला माणूस दारातूनच ओळखू येतो. आतडं फुटून पोटभर दाह पसरलेला रुग्ण निपचित पडून राहतो, कारण जरा हललं तरी त्याचं पोट दुखतं. खड्याची कळ आलेल्याला मात्र कुठल्याच कुशीवर चैन नसते. तो उठतो, बसतो, गुडघे पोटाशी घेतो, भिंत धरून उभा राहतो, ओकतो आणि पुन्हा आडवा होतो. बरगड्यांखाली मागच्या बाजूला उठलेली कळ पुढे येऊन जांघेत उतरते, पुरुषांत ती वृषणापर्यंत जाते. बाळंतपणाच्या कळा सोसलेल्या कितीतरी बायका सांगतात की ही कळ त्याहून वाईट होती. रुग्णाला या घडीला फक्त वेदना थांबायला हवी असते. डॉक्टरला वेदना थांबवता थांबवताच निदानही गाठायचं असतं. हे पुस्तक त्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल आहे.

ते लिहिलं आहे कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी. पण ज्यांच्या घरात कधी ना कधी मुतखडा होऊन गेला आहे अशा वाचकांनाही त्यातलं पुष्कळ उपयोगी पडेल, म्हणून ही प्रस्तावना मी दोघांनाही समोर ठेवून लिहितो आहे.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेलं चित्र उभं राहतं. सकाळचं सेंटर, बाटलीभर पाणी पिऊन लघवी रोखून बसलेली माणसं, आत अंधारी खोली आणि तासाभराने हातात पडणारा टाइप केलेला रिपोर्ट. तिथे रेडिओलॉजिस्ट यकृतापासून मूत्राशयापर्यंत सगळं बारकाईने पाहतो आणि दिसेल ते नोंदवतो. खाटेशेजारच्या सोनोग्राफीची जात वेगळी आहे. ज्याने रुग्णाची नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, इंजेक्शन सांगितलं, तोच डॉक्टर मोजके प्रश्न मनाशी धरून मशीनचा प्रोब अंगावर टेकवतो. दुखऱ्या बाजूची किडनी तुंबली आहे का? दुसरी किडनी जागेवर आहे ना, आणि ती धड आहे ना? मूत्राशय रिकामं आहे की गच्च भरलं आहे? आणि ज्याला आपण मुतखडा समजतो आहोत ते जीव घेणारं भलतंच काही तर नाही? यापलीकडचं काम रेडिओलॉजिस्टचं आहे, आणि ते त्याच्याकडेच राहिलं पाहिजे.

खडा कुठे आहे, हा प्रश्न या प्रश्नांत नाही, याचं पहिल्यांदा वाचणाऱ्याला नवल वाटेल. त्याचं कारण ध्वनिलहरींच्या स्वभावात आहे. द्रवातून त्या बिनअडथळा पुढे जातात, म्हणून लघवी, पित्त, रक्त पडद्यावर काळंभोर दिसतं. हवा आणि हाड मात्र त्यांना अडवतात. किडनीतून निघून मूत्राशयाला मिळणारी मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते आणि तिचा मधला बराचसा भाग आतड्यातल्या वायूमागे दडलेला असतो. चार मिलिमीटरचा खडा तिथे रुतला असेल तर तो सोनोग्राफीत सापडण्याची आशा धरू नये. किडनीलगतचं वरचं तोंड आणि मूत्राशयात शिरण्याची खालची जागा, ही दोन टोकं तेवढी बरी दिसतात.

पण खडा दिसला नाही तरी त्याने केलेलं दिसतं. ओढ्यावर खाली बांध पडला की वर पाण्याला फुगवटा येतो, तसंच इथे घडतं. वाट अडली की लघवी मागे साठते आणि किडनीच्या मध्यातले कप्पे पसरतात. निरोगी किडनीचा मध्यभाग तिथल्या चरबीमुळे पांढुरका दिसतो. त्या पांढऱ्यात काळी फट उघडली, ती रुंदावत एकमेकींना जोडलेल्या काळ्या पोकळ्या झाल्या, म्हणजे किडनी तुंबली. वैद्यकात याला हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात, रुग्णाला आपण ‘किडनीला सूज आलीय’ असं सांगतो. मी पुढे फुगवटा म्हणणार आहे.

फुगवटा पाहून खड्याचं निदान किती खात्रीने करता येतं, हे आकड्यांत सांगता येतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात डॉक्टरांनी खाटेशेजारी केलेल्या सोनोग्राफीचे अभ्यास एकत्र मांडले होते. मुतखडा असलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ७० जणांचं निदान या सोनोग्राफीने बरोबर झालं, आणि मुतखडा नसलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ७५ जणांत ती तपासणी बरोबर ‘नाही’ म्हणाली. म्हणजे किंचितसा फुगवटा दिसला यावर निकाल देता येत नाही, आणि फुगवटा नाही म्हणून खडा नाही असंही म्हणता येत नाही. पण फुगवटा मध्यम किंवा मोठा असेल तर गोष्ट पालटते. खडा नसताना तेवढा फुगवटा दिसण्याचं प्रमाण शंभरात सहाच्या घरात येतं. लक्षणं खड्याची, फुगवटा चांगला मोठा आणि ताप नाही, एवढं जुळलं की कॅज्युअल्टीतला डॉक्टर पुष्कळशा विश्वासाने पुढे जाऊ शकतो.

‘किती एमएमचा आहे?’ हा आपल्याकडे मुतखड्याबद्दल विचारला जाणारा पहिला प्रश्न. रिपोर्टातल्या त्या आकड्यावर घरभर चर्चा होते, कुळथाचं कढण सुरू होतं, कुणी पानफुटीची पानं आणून देतं. आकाराला महत्त्व आहेच. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २००७ साली मिळून केलेल्या मांडणीनुसार मूत्रवाहिनीतल्या ५ मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांपैकी सुमारे ६८ टक्के आपोआप पडतात आणि ५ ते १० मिलिमीटरच्या खड्यांपैकी सुमारे ४७ टक्के. मात्र सोनोग्राफी बारीक खड्याचं माप बऱ्याचदा मोठं दाखवते. शिवाय किडनीच्या कप्प्यात गप्प बसलेला, वाट न अडवणारा खडा सहसा अशी कळ आणत नाही. पाठीचे स्नायू दुखावलेली, मणक्याची तक्रार असलेली किती माणसं रिपोर्टातल्या ‘३ एमएम’वर सगळ्या दुखण्याचं खापर फोडून वर्षानुवर्षं काढे आणि गोळ्या घेत राहतात! त्यांना कुणीतरी एकदा स्वच्छ सांगायला हवं की वाट अडलेली नाही, किडनी मोकळी आहे, दुखण्याचं मूळ दुसरीकडे शोधू या.

मुतखडा आपल्या वैद्यकाला नवा नाही. सुश्रुतसंहितेत अश्मरीचं आणि ती कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेचं सविस्तर वर्णन आहे. पण शरीर न उघडता मूत्रमार्ग पाहण्याची सोय झाली ती अगदी अलीकडे. १९२९ साली मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरने जर्मनीत काम करताना शिरेतून औषध देऊन मूत्रमार्गाचे एक्स-रे काढण्याची रीत पुढे आणली. मागच्या पिढीतल्या लोकांना ती आयव्हीपी म्हणून आठवत असेल. १९९५ मध्ये येल विद्यापीठातल्या रॉबर्ट स्मिथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शिरेत औषध न घालता केलेला सीटी स्कॅन कुशीतल्या कळेसाठी आयव्हीपीपेक्षा सरस आहे. सीटीत जवळपास प्रत्येक खडा दिसतो, त्याची जागा कळते, आकार कळतो आणि पोटातले बाकीचे आजारही दिसतात. मग अमेरिकेत सीटी हीच पहिली तपासणी होऊन बसली. १९९६ ते २००७ या काळात मुतखड्याच्या संशयाने तातडीच्या विभागात आलेल्यांचा सीटी होण्याचं प्रमाण तिथे ४ टक्क्यांवरून ४२.५ टक्क्यांवर गेलं. त्याच काळात खड्याचं निदान होण्याचं प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होतं तिथेच राहिलं, आणि दाखल कराव्या लागणाऱ्यांचं प्रमाणही हललं नाही. दहापट तपासण्या करून रुग्णांच्या पदरात काय पडलं, हा प्रश्न तिथल्याच डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली.

किरणोत्साराचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. पोटाच्या नेहमीच्या सीटीत सुमारे १० मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. माती, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षभरात मिळणारी नैसर्गिक मात्रा जगाच्या सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट आहे. एका सीटीने घाबरून जाण्याचं कारण नाही. पण मुतखडा परत परत येणारा आजार आहे. ऐन तिशीत आजार सुरू झालेला रुग्ण दर कळेला स्कॅनखाली गेला तर पन्नाशीपर्यंत बेरीज बरीच होते. आता कमी मात्रेचा सीटी करता येतो, आणि जिथे सीटी लागणारच आहे तिथे तोच मागावा, असं हे पुस्तक आग्रहाने सांगतं.

सप्टेंबर २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासाने आधी सीटी की आधी सोनोग्राफी या वादाला बळकट पाया दिला. कॅलिफोर्नियातल्या रेबेका स्मिथ-बाइंडमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत २,७५९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटणी केली. ९०८ जणांची पहिली तपासणी तातडीच्या डॉक्टरने केलेली सोनोग्राफी होती, ८९३ जणांची रेडिओलॉजी विभागातली सोनोग्राफी, आणि ९५८ जणांचा सीटी. पुढे गरज वाटली तर डॉक्टर कुठलीही तपासणी करायला मोकळे होते. गंभीर आजार नजरेतून सुटून महिनाभरात त्यातून गुंतागुंत होण्याचं प्रमाण एकूण ०.४ टक्के निघालं, आणि तिन्ही गटांत त्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. सहा महिन्यांत मिळालेली किरणांची मात्रा सीटीच्या गटात सरासरी १७.२ मिलिसीव्हर्ट होती, तर सोनोग्राफीच्या दोन गटांत १०.१ आणि ९.३.

या अभ्यासाचा आधार घेताना पुष्कळजण थोडी घाई करतात. तातडीच्या डॉक्टरने सोनोग्राफी केलेल्या गटात पुढे सुमारे ४१ टक्के रुग्णांचा सीटी झालाच. फार स्थूल रुग्ण, गर्भवती, एकच किडनी असलेले, किडनी बदललेले, आणि ज्यांच्यात डॉक्टरला मुळातच दुसऱ्या गंभीर आजाराची दाट शंका होती असे रुग्ण यात घेतले नव्हते. सोनोग्राफीत सीटीइतकं चांगलं दिसतं, असं काही या अभ्यासाने सिद्ध केलं नाही. त्याने एवढंच दाखवलं की सोनोग्राफीने सुरुवात केली आणि लागेल तिथे पुढे गेलं तर रुग्णाचं नुकसान होत नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या तातडीच्या वैद्यकाच्या, रेडिओलॉजीच्या आणि मूत्ररोगांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जे ठरवलं तेही याच वळणाचं आहे. रुग्ण तरुण, लक्षणं खड्याचीच, वेदना औषधाने आटोक्यात, तर सीटीची गरज सहसा नाही. गर्भवतींत आणि मुलांत आधी सोनोग्राफी. वय झालेला रुग्ण असेल तर मात्र सीटी.

आपल्या तालुक्याच्या गावात हा वाद असा उभाच राहत नाही. तिथे रात्री दोन वाजता सीटीही नसतो आणि रेडिओलॉजिस्टही नसतो. तिथे खरी निवड असते ती डॉक्टरने स्वतः प्रोब टेकवणं आणि ‘इंजेक्शन देतो, उद्या सेंटरला जाऊन सोनोग्राफी करून या’ असं सांगून घरी पाठवणं, या दोहोंत. बहुतेक रुग्ण त्या सल्ल्याने सुखरूप घरी जातात. हे पुस्तक उरलेल्यांसाठी आहे. त्यांच्याविषयी मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण या विषयाचं सगळं मोल माझ्या मते तिथेच आहे.

साठीचा पुरुष, अनेक वर्षांची विडी-सिगारेट, रक्तदाब, आणि आयुष्यात पहिल्यांदाच डाव्या कुशीत कळ. अशा वेळी मुतखडा हे निदान सर्वांत शेवटी करावं. हृदयापासून पोटात उतरणारी महाधमनी फुगून फुटायला लागली की दुखणं हुबेहूब खड्यासारखं असू शकतं. फुगलेली धमनी किंवा तिच्यातून साचलेलं रक्त मूत्रवाहिनीवर दाबलं तर किडनीला फुगवटाही येतो, म्हणजे डॉक्टरला फसवणारा पुरावासुद्धा मिळतो. म्हणून या वयाच्या रुग्णात किडनी पाहून झाल्यावर प्रोब पोटाच्या मध्यावर आणून महाधमनी वरपासून नाभीपर्यंत पाहायची. तिची रुंदी ३ सेंटीमीटरच्या आत हवी. तिच्या मागे साचलेलं रक्त सोनोग्राफीत नीट दिसेलच असं नाही. पण धमनी रुंद आणि रुग्णाला कळ, एवढं दिसलं तरी तो रुग्ण ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी तातडीने निघाला पाहिजे.

मूल होण्याच्या वयातली बाई कुशीत दुखतंय म्हणून आली तर आधी गर्भधारणेची चाचणी. गर्भ नलिकेत राहून नलिका फुटली असेल तर पोटात रक्त साचतं, आणि उताणं झोपल्यावर ते जिथे जिथे जमतं त्यातली एक जागा यकृत आणि उजवी किडनी यांच्या मध्ये आहे. उजवी किडनी पाहण्यासाठी आपण जिथे प्रोब ठेवतो, नेमकं तिथूनच ती जागा दिसते. यकृत आणि किडनी एकमेकांना खेटून असायला हवीत. त्यांच्यामध्ये काळी पट्टी दिसली, चाचणी पॉझिटिव्ह आली, नाडी जलद आहे, तर मुतखड्याचा विचार सोडून स्त्रीरोगतज्ज्ञाला उठवायचं. फुगवटा शोधण्याच्या नादात त्या पट्टीवरून नजर घसरता कामा नये.

तिसरा प्रसंग कॅज्युअल्टीत वारंवार येतो आणि माझ्या मते त्याच्याइतकं दुर्लक्ष कशाकडेच होत नाही. खडा आहे, वाट अडली आहे आणि त्यातच ताप आणि हुडहुडी आहे. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की किडनीत पू होतो आणि ते विष रक्तात पसरायला फार वेळ लागत नाही. प्रतिजैविकं सुरू करायचीच, पण तुंबलेल्या किडनीत ती पुरेशी पोचत नाहीत. त्याच रात्री वाट मोकळी करावी लागते, खालून मूत्रवाहिनीत डीजे स्टेंटची बारीक नळी घालून किंवा पाठीतून किडनीत नळी टाकून. खाटेशेजारची सोनोग्राफी इथे थेट जीव वाचवते. नुसता ताप आणि कुशीत दुखणं असेल तर ते लघवीच्या संसर्गाचं दुखणं म्हणून ग्रामीण रुग्णालयात सलाईन आणि इंजेक्शनवर दोन दिवस काढता येतात. त्याच रुग्णाच्या किडनीत फुगवटा दिसला तर १०८ ला फोन करून त्याला लगेच पुढे पाठवायचं असतं. हा निर्णय पडद्यावरच्या त्या काळ्या पोकळीवर ठरतो.

आणि एक अगदी साधी गोष्ट. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाला दोन्ही कुशींत जडपणा, पोटात दुखणं, लघवी थेंबथेंब. दोन्ही किडन्यांना फुगवटा. प्रोब खाली नेला की नाभीपर्यंत चढलेलं मूत्राशय दिसतं. इथे उपाय म्हणजे एक कॅथेटर. लघवी वाहून गेल्यावर पुन्हा पाहिलं तर फुगवटा ओसरू लागलेला असतो. हा आजार हातानेही कळायला हवा, पण कळवळणाऱ्या रुग्णाच्या पोटावर हात नीट ठरत नाही, हेही खरं.

सगळं सोनोग्राफीवर सोपवून चालत नाही. वयात येणाऱ्या मुलाच्या कुशीत किंवा ओटीपोटात दुखत असेल तर चड्डी उतरवून वृषण पाहावेच लागतात. वृषणाला पीळ पडला असेल तर हाताशी काही तासच असतात. नागिणीचं पुरळ उठण्याआधी दोन-तीन दिवस कुशीत नुसती आग होते. फुप्फुसाच्या तळाच्या न्यूमोनियानेही कुशीत दुखतं. लघवीत रक्त सापडलं नाही म्हणून खडा नाही असं ठरत नाही, आणि सापडलं म्हणून तो आहेच असंही नाही.

प्रत्यक्ष तंत्र या पुस्तकात चित्रांसह आलं आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. उजव्या किडनीसाठी यकृत ही चांगली खिडकी आहे. डावी किडनी जरा वर आणि मागे असते, प्लीहा लहान, त्यात जठरातला वायू आडवा येतो, म्हणून प्रोब धरलेल्या हाताची बोटं गादीला टेकेपर्यंत मागे जावं लागतं. रुग्णाला श्वास घेऊन धरायला सांगितलं की बरगड्यांच्या सावलीतून किडनी खाली सरकते. दोन्ही किडन्या पाहिल्याशिवाय एकीवर मत देऊ नये. नवशिका बहुतेकदा फसतो तो फुगवट्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टींनी. किडनीतल्या गाठी गोल असतात आणि एकमेकींना जोडलेल्या नसतात. मध्यातल्या रक्तवाहिन्याही काळ्या दिसतात, वाहतं रक्त रंगात दाखवणारा रंगीत डॉप्लर लावला की त्या ओळखू येतात. तरुण माणसात किडनीचे त्रिकोणी पिरॅमिड ठळक काळे दिसतात. लघवी फार वेळ रोखली असेल तर दोन्ही बाजूंना हलका फुगवटा येतो, तेव्हा लघवी करवून पुन्हा पाहायचं. गरोदरपणात, विशेषतः उजवीकडे, फुगवटा स्वाभाविकपणेच येतो. उलट उन्हातान्हातून आलेल्या, वांत्या करून कोरड्या पडलेल्या रुग्णात खडा असूनही फुगवटा दिसत नाही. थोडं पाणी शरीरात गेल्यावर तीच किडनी वेगळी दिसते. मूत्राशयावर रंगीत डॉप्लर धरून लघवीच्या चिळकांड्या पाहणं हा यातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. निरोगी बाजूने ठरावीक वेळाने चिळकांडी येत राहते. दुखऱ्या बाजूने काही मिनिटं काहीच आलं नाही तर वाट पुरती अडल्याची शंका बळावते.

या सगळ्याआधी वेदना. सोनोग्राफी होईपर्यंत इंजेक्शन थांबवणं हा रुग्णावर अन्याय आहे. वाट अडली की किडनीत प्रोस्टाग्लँडिन वाढतात, त्यांनी किडनीतला दाब आणि मूत्रवाहिनीचं आकुंचन वाढतं. डायक्लोफेनॅकसारखी औषधं नेमकी तिथेच काम करतात. २०१६ साली लॅन्सेटमध्ये आलेला कतारमधला अभ्यास मला विशेष जवळचा वाटतो, कारण आखाती उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसांना हे दुखणं चांगलंच परिचित आहे. १,६४५ रुग्णांत स्नायूत ७५ मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक, शिरेतून पॅरासिटामॉल आणि शिरेतून मॉर्फीन यांची तुलना झाली. अर्ध्या तासात वेदना निम्म्याने उतरलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ६८, ६६ आणि ६१ टक्के होतं. महागडं काही लागत नाही. किडनी आधीच अधू असेल, अल्सर असेल किंवा बाई गर्भवती असेल तर मात्र डायक्लोफेनॅक टाळावं. आणि सलाईन भराभर चढवल्याने खडा खाली ढकलला जातो ही समजूत आता सोडून द्यायला हवी. कोरड्या पडलेल्या रुग्णाला सलाईन लागतं ते त्याच्या कोरडेपणासाठी.

महाराष्ट्रात सोनोग्राफीच्या मशीनबद्दल बोलायचं तर कायद्याबद्दल बोलावंच लागतं. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ सालचा. तो कागदावरच राहतो आहे म्हणून सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातल्या संस्था आणि साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. ज्या यंत्राने इतक्या मुली जन्माआधी मारल्या, त्याच्यावर नोंदणी, सील, मासिक अहवाल, २०१२ नंतर हलवता येणाऱ्या मशीनवर रुग्णालयाच्या आवाराचं बंधन, २०१४ च्या नियमांतली सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची अट, हे सारं आलं ते उगाच नाही. कॅज्युअल्टीतल्या काही तरुण डॉक्टरांना हा कायदा आपल्या कामातली अडचण वाटतो. त्यांची तळमळ मला समजते. भारतात इमर्जन्सी मेडिसिनला पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ साली, म्हणजे कायदा घडला तेव्हा खाटेशेजारची सोनोग्राफी करणारा डॉक्टर कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. त्याच्यासाठी नियमांत स्पष्ट आणि सुटसुटीत जागा असावी, ही मागणी योग्य आहे आणि ती संघटनांनी सरकारपुढे मांडावी. तोवर मशीन आणि ते वापरणारा डॉक्टर दोघांची नोंद असली पाहिजे, आणि गर्भवतीची सोनोग्राफी किडनीसाठी असली तरी या कायद्याखालचा फॉर्म एफ भरलाच पाहिजे. रात्रीची घाई ही सबब चालणार नाही.

शिकायला किती वेळ लागतो, असं नेहमी विचारलं जातं. अमेरिकेतल्या तातडीच्या डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक प्रकारच्या सोनोग्राफीसाठी जाणकाराने तपासलेल्या २५ ते ५० तपासण्यांचं माप ठेवलं आहे. यातला ‘जाणकाराने तपासलेल्या’ हा भाग महत्त्वाचा. सेंटरमधल्या रेडिओलॉजिस्टशी मैत्री करा, रात्री काढलेली चित्रं सकाळी त्याला दाखवा, त्याचा रिपोर्ट आपल्या नोंदीशी ताडून पाहा. मूत्राशय भरलेल्या, निरोगी, हसऱ्या सहकाऱ्यांवर आधी हात बसवा.

शेवटी केसपेपरबद्दल, कारण पुस्तकाचा शेवटचा भाग त्यावरच आहे. अर्धवट नोंद पुढच्या डॉक्टरला चुकीच्या वाटेने नेते. नोंद साधारण अशी असावी: उजवी किडनी, मध्यम फुगवटा. डावी किडनी, फुगवटा नाही. यकृत आणि किडनीमध्ये पाणी नाही. मूत्राशय, लघवीनंतर रिकामं. महाधमनी नाभीपर्यंत दिसली, रुंदी २ सेंटीमीटर. खडा दिसला नाही, न दिसल्याने तो नाकारता येत नाही. ताप नाही. तपासणी कुणी केली, किती वाजता केली, आणि वायूमुळे काय दिसू शकलं नाही. सकाळी हीच नोंद हातात घेऊन यूरोलॉजिस्ट ठरवणार असतो की कमी मात्रेचा सीटी आजच मागायचा की आठवडाभर खडा पडण्याची वाट पाहायची. तेव्हा न दिसलेल्या गोष्टींच्या ओळीही दिसलेल्या गोष्टींइतक्याच वाचता येतील अशा अक्षरात लिहाव्यात.